‘ओन्ली’ नेमकं कुठे बसवायचं, आणि आपल्या ‘च’चं काय करायचं?

खडूफळा

शब्दप्रयोगाच्या धाग्यावर ‘ओन्ली’वरून फाटे फुटायला लागले, म्हणून हा वेगळा धागा. तिथे तीन प्रश्न अर्धवट राहिले होते: वाक्यात ‘ओन्ली’ची जागा कोणती, ‘ही इज इन ऑफिस ओन्ली’ हे चूक का, आणि चेकवर ‘ओन्ली’ लिहायलाच हवं का. जागेपासून सुरुवात करतो, कारण बाकी दोन्ही त्यातूनच निघतात.

एक साधं वाक्य घेऊ: ‘शमा पेड द प्लंबर हंड्रेड रुपीज ऑन मंडे.’ यात ‘ओन्ली’ सरकवत नेलं की दर वेळी वेगळा माणूस किंवा वेगळी गोष्ट एकटी पडते.

‘ओन्ली शमा पेड…’ म्हणजे शमानेच दिले, बाकी कोणी खिशात हात घातला नाही. ‘पेड ओन्ली द प्लंबर…’ म्हणजे प्लंबरलाच दिले, सुतार बसलाय वाट बघत. हे कानाला जरा अवघडतं, पण अर्थ पक्का. ‘ओन्ली हंड्रेड रुपीज’ म्हणजे शंभरच, ठरले जास्त असतील. ‘ओन्ली ऑन मंडे’ म्हणजे सोमवारीच, त्याआधी नाही.

आता ‘शमा ओन्ली पेड द प्लंबर हंड्रेड रुपीज ऑन मंडे’. इथे ‘ओन्ली’ क्रियापदाच्या आधी आहे आणि कागदावर या वाक्यातून वरचे शेवटचे तिन्ही अर्थ निघू शकतात. शिवाय चौथाही निघतो: नुसते पैसे टेकवले, काम तपासलं नाही. बोलताना अडचण येत नाही, कारण ज्या शब्दावर आवाजाचा जोर तिथे ‘ओन्ली’ लागू होतं. ‘हंड्रेड’वर जोर दिला की शंभरच, ‘मंडे’वर दिला की सोमवारीच. लिहिताना तो जोर कागदावर उतरत नाही, म्हणून सगळा घोळ.

लिहिण्यासाठी एवढंच धरून चाला: ज्या शब्दाला किंवा शब्दसमूहाला बांधायचंय त्याच्या लगेच आधी ‘ओन्ली’. मराठीत ‘च’ शब्दाच्या मागून चिकटतो, इंग्रजीत ‘ओन्ली’ पुढून येतं. आधी मराठी वाक्य मनात म्हणा, ‘च’ कुठे लागला ते बघा, आणि इंग्रजीत त्या शब्दाच्या डाव्या बाजूला ‘ओन्ली’ ठेवा. दहातली नऊ वाक्यं एवढ्यावर सुटतात.

---

पूर्णविराम

खडूफळा, नियम ठीक आहे, पण तो फार कडक लावू नका. ‘आय ओन्ली हॅव टेन रुपीज’ हे कुणीही इंग्रज सहज बोलेल आणि लिहीलही. ‘आय हॅव ओन्ली टेन रुपीज’ हेच बरोबर आणि पहिलं चूक, असं शाळेत शिकवलं जातं ते जरा जास्तच आहे.

हा वाद त्यांच्याकडेही जुनाच आहे. पुढे लंडनचा बिशप झालेल्या रॉबर्ट लोथने १७६०च्या दशकात आपल्या व्याकरणात ‘आय ओन्ली स्पेक थ्री वर्ड्स’ या रचनेला हरकत घेतली. त्याच्या मते ‘ओन्ली’ हवं ‘थ्री वर्ड्स’च्या आधी. पुढच्या मास्तर मंडळींनी ते उचलून धरलं. मग १९२६ साली फाउलरने आपल्या प्रयोगकोशात उलटी बाजू घेतली. ‘ही ओन्ली डाइड अ वीक अगो’ यात कुणाचाच गैरसमज होत नसेल, तर ‘ओन्ली’ ओढून पुढे नेण्याचा अट्टहास कशाला, असा त्याचा रोख. मला फाउलर पटतो. क्रियापदाच्या आधीची जागा ही ‘ओन्ली’ची नेहमीची बसण्याची जागा आहे. तिथून त्याला उठवायचं ते दुसरा अर्थ निघायची शक्यता असेल तेव्हाच.

सहायक क्रियापद असेल तर त्याच्या नंतर: ‘हॅज ओन्ली सीन’, ‘कॅन ओन्ली वेट’. ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ असतील तर त्यांच्याही नंतर: ‘इट इज ओन्ली अ स्क्रॅच’.

---

मसुदाकार

बोलण्यापुरतं पूर्णविराम यांचं म्हणणं मान्य. करारात मात्र फाउलर चालत नाही.

लीव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे जागा भाड्याने देण्याच्या कराराच्या, मसुद्यातलं नेहमीचं कलम घ्या. तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं. पहिला: ‘द लायसन्सी शॅल ओन्ली यूज द प्रिमायसेस फॉर रेसिडेन्स.’ दुसरा: ‘द लायसन्सी शॅल यूज ओन्ली द प्रिमायसेस फॉर रेसिडेन्स.’ तिसरा: ‘द लायसन्सी शॅल यूज द प्रिमायसेस फॉर रेसिडेन्स ओन्ली.’

पहिल्याचा अर्थ बहुतेक लोक बरोबर लावतील, पण ‘वापरायची तेवढी, पोटभाड्याने द्यायची नाही’ असाही तो वाचता येतो. दुसरा तर चक्क भलतं सांगतो: राहण्यासाठी हीच जागा वापरायची, भाडेकरूने दुसरीकडे कुठे राहायचं नाही! तिसरा निर्धोक. ‘ओन्ली फॉर रेसिडेन्स’ लिहिलंत तरी तेच. बंधन वापराच्या हेतूवर आहे, म्हणून ‘ओन्ली’ हेतूच्या शब्दांना खेटून हवं, पुढून किंवा मागून.

दुसरी जागा जिथे खरे पैसे अडकतात ती ‘ओन्ली इफ’ची. ‘द डिपॉझिट विल बी रिफंडेड ओन्ली इफ पझेशन इज हँडेड ओव्हर’ हे वाचून भाडेकरूला वाटतं की ताबा दिला की अनामत परत. वाक्य तसं म्हणत नाही. ताबा दिल्याशिवाय परत मिळणार नाही, एवढंच ते म्हणतं. ताबा दिल्यावर मिळेलच याची हमी त्यात नाही, ती वेगळी लिहून घ्यावी लागते. मराठीतही ‘ताबा दिला तरच’ आणि ‘ताबा दिला की’ यांत हाच फरक आहे. ‘इफ’ म्हणजे तेवढं झालं की पुरे, ‘ओन्ली इफ’ म्हणजे तेवढं झाल्याशिवाय नाही. दोन्ही हवं असेल तर गणितवाले लिहितात तसं ‘इफ अँड ओन्ली इफ’, आपलं ‘जर आणि तरच’. करारात ते विचित्र दिसतं, म्हणून दोन वाक्यं करा: अनामत अमुक इतक्या दिवसांत परत केली जाईल, ताबा मिळेपर्यंत ती मुदत सुरू होणार नाही.

---

रेघोटी

एक शंका. ‘ओन्ली’ शब्दाच्या आधी येतं म्हणता, मग ‘लेडीज ओन्ली’, ‘स्टाफ ओन्ली’, ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’ यांत ते शेवटी कसं? लोकलच्या डब्यावर तर रोज दिसतं.

---

खडूफळा

चांगला प्रश्न. पाट्या, लेबलं, अर्ज, नियमावल्या यांत नामाच्या मागून ‘ओन्ली’ लावायची पद्धत इंग्रजीत पूर्ण प्रमाण आहे. ‘मेंबर्स ओन्ली’, ‘कॅश ओन्ली’, ‘ऑफिस यूज ओन्ली’. तिथे वाक्य नसतं, शब्दसमूह असतो आणि ‘ओन्ली’ त्याला कुंपण घालतं. त्यामुळे ‘ओन्ली मागे आलं की ते भारतीय इंग्रजी’ ही समजूत काढून टाका.

मात्र शब्दसमूह लांबला की मागचं ‘ओन्ली’ कुणाचं, हा प्रश्न येतो. औषधाच्या पट्टीवर पूर्वी शेड्यूल एचची, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीची, अशी सूचना असायची: ‘टू बी सोल्ड बाय रिटेल ऑन द प्रिस्क्रिप्शन ऑफ अ रजिस्टर्ड मेडिकल प्रॅक्टिशनर ओन्ली.’ बंधन किरकोळ विक्रीवर, चिठ्ठीवर की नोंदणीकृत डॉक्टरवर? हेतू उघड आहे: तशा डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय विकू नका. मराठी करताना ‘च’ कुठे ठेवणार? ‘नोंदणीकृत डॉक्टरच्याच चिठ्ठीवर’ आणि ‘नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच’ यांत मी दुसरं निवडेन. पहिल्यात चिठ्ठी गृहीत धरली जाते आणि वाद फक्त कुणाची, एवढाच उरतो.

---

दुरुस्तीवाली

आता मूळ दुखण्याकडे येते. ‘ही इज इन ऑफिस ओन्ली’, ‘आय टोल्ड यू येस्टर्डे ओन्ली’, ‘ही इज लाइक दॅट ओन्ली’. यात चूक ‘ओन्ली’च्या जागेची नाही. आपण ‘च’चं भाषांतर सरसकट ‘ओन्ली’ असं करतो, तिथे गाडी घसरते. ‘च’ निदान पाच वेगवेगळी कामं करतो आणि त्यातलं एकच ‘ओन्ली’चं आहे.

‘चारच लाडू उरले.’ इथे ‘च’ बाकीचं वगळतो. हेच ‘ओन्ली’चं काम. ‘ओन्ली फोर लाडूज आर लेफ्ट.’ खूण अशी की ‘च’ काढून ‘फक्त’ घातलं तरी वाक्य चालतं.

‘हाच तो माणूस.’ इथे वगळायचं काही नाही, ओळख पक्की करायची आहे. इंग्रजीत ‘धिस इज द व्हेरी मॅन’ किंवा ‘द सेम मॅन’. ‘सुरेशनेच सांगितलं’ हेही बरेचदा या गटात जातं: सांगणारा कोण, तर सुरेश. तिथे ‘इट वॉज सुरेश हू टोल्ड मी’. ‘ओन्ली सुरेश टोल्ड मी’ म्हटलंत तर बाकीचे मूग गिळून बसले असा अर्थ होतो, जो तुम्हाला बहुधा नकोय. ‘मीच केलं’ म्हणजे ‘आय डिड इट मायसेल्फ’. ‘इथेच ठेवलं होतं’ म्हणजे ‘आय केप्ट इट राइट हिअर’.

‘येतोच’, ‘आलोच’, ‘निघालेच’. हा ‘च’ घाईचा. ‘आय ॲम कमिंग ओन्ली’ याला इंग्रजीत काही अर्थ नाही. ‘आय विल बी राइट देअर’, ‘आय ॲम जस्ट लीव्हिंग’ असं म्हणा. इथे ‘राइट’ आणि ‘जस्ट’ हेच आपले गडी.

‘मी पैसे दिलेच होते.’ हा समोरचा नाकारतोय म्हणून ठासून सांगण्याचा ‘च’. इंग्रजीत तो सहायक क्रियापदात जातो: ‘आय डिड पे’. बोलताना ‘डिड’वर जोर.

‘जायलाच पाहिजे’, ‘गेलंच पाहिजे’. हा सक्तीचा. ‘मस्ट’, ‘हॅव टू’, ‘जस्ट हॅव टू’ यांनी भागतं.

म्हणून ‘ओन्ली’ टाइप करण्याआधी मराठी वाक्यात ‘च’च्या जागी ‘फक्त’ घालून बघा. ‘तो फक्त ऑफिसमध्ये आहे’ हे हवंय का? नसेल तर ‘ओन्ली’ नको. ‘तो ऑफिसमध्येच आहे’ यात सांगायचंय की तो कुठे गेलेला नाही, म्हणून ‘ही इज स्टिल ॲट द ऑफिस’ किंवा ‘ही इज राइट हिअर इन द ऑफिस’. ‘तो तसाच आहे’ याला ‘दॅट इज जस्ट द वे ही इज’.

---

तिसरी_घंटा

दुरुस्तीवाली, मांडणी झकास. पण ‘चूक’ हा शब्द मला खटकतो. हिंदीभाषक ‘ही’वरून, तमिळभाषक ‘तान्’वरून आणि आपण ‘च’वरून एकाच ‘ओन्ली’पाशी पोहोचतो, आणि देशभर कोट्यवधी लोक एकमेकांना न अडखळता समजून घेतात. भाषा-अभ्यासक याला भारतीय इंग्रजीचं वैशिष्ट्य म्हणून नोंदवतात, दोष म्हणून नाही. नाशिकचा माणूस चेन्नईच्या माणसाला ‘आय ॲम ॲट होम ओन्ली’ म्हणाला तर त्यात बिघडलं काय?

---

दुरुस्तीवाली

काही नाही बिघडलं. बिघडतं ते ऐकणारा आपल्यातला नसेल तेव्हा, आणि तेही वाक्य विचित्र वाटलं तर नाही. ते व्यवस्थित वाटलं आणि उलटं समजलं, तर. दोन उदाहरणं देते, दोन्ही ऑफिसातली.

‘वुई विल सेंड द रिपोर्ट टुमॉरो ओन्ली.’ लिहिणाऱ्याच्या मनात ‘उद्याच पाठवतो, काळजी नको’. लंडनमध्ये वाचणारा समजतो ‘उद्याशिवाय मिळणार नाही’. आपण तत्परता दाखवली, त्याला नकार दिसला. हवं होतं ‘बाय टुमॉरो’ किंवा ‘फर्स्ट थिंग टुमॉरो’.

‘द एरर इज कमिंग ऑन द चेकआउट पेज ओन्ली.’ टेस्टरला म्हणायचं होतं, चूक चेकआउटच्या पानावरच येतेय, म्हणजे पेमेंटपर्यंत गाडी पोहोचतच नाही. डेव्हलपरने वाचलं, बाकीची पानं तपासली आणि ती ठीक आहेत. मग तो बाकीच्या पानांकडे बघतच नाही. बग रिपोर्टमध्ये ‘ओन्ली’ लिहायचं असेल तर काय काय तपासलं तेही लिहा: ‘ऑकर्स ओन्ली ऑन चेकआउट, कार्ट अँड लॉगिन टेस्टेड, नो एरर’. तपासलं नसेल तर ‘ओन्ली’ गाळा.

तेव्हा गप्पांत खुशाल वापरा. तारीख, वेळ, रक्कम, जबाबदारी यांपैकी काही वाक्यात असेल तर मात्र थांबा.

---

तिसरी_घंटा

चेकआउटचं उदाहरण पटलं. तिथे दोन्ही अर्थ तितकेच सरळ निघतात.

---

चिंचोका

स्पर्धा परीक्षेसाठी विचारतो. ‘ओन्ली’ने वाक्य सुरू झालं की ‘डिड’, ‘डू’ पुढे येतं म्हणतात. कधी येतं आणि कधी नाही? पर्यायांत दोन्ही दिलेले असतात आणि हमखास चुकतं.

---

खडूफळा

‘ओन्ली’च्या मागे काय आलंय ते बघा. कर्ता आला असेल तर काहीही उलटत नाही: ‘ओन्ली रमेश नोज द पासवर्ड.’ ‘ओन्ली डज रमेश नो’ हे नेहमीचं फसवं उत्तर.

वेळ, जागा, अट किंवा रीत सांगणारा शब्दसमूह आला असेल, तर पुढच्या मुख्य वाक्यात सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी जातं. ‘ओन्ली दॅन डिड आय अंडरस्टँड.’ ‘ओन्ली बाय ट्रेन कॅन यू रीच इट इन टाइम.’

खरी फसगत होते ती दोन वाक्यं जोडलेली असताना. उलटापालट पहिल्या तुकड्यात होत नाही, दुसऱ्यात होते. ‘ओन्ली व्हेन द रेन स्टॉप्ड डिड द मॅच बिगिन.’ परीक्षेत पर्याय देतात ‘ओन्ली व्हेन डिड द रेन स्टॉप, द मॅच बिगॅन’, तो चूक. लक्षात ठेवायला सोपं: ‘व्हेन’, ‘आफ्टर’, ‘इफ’ यांच्या पोटातलं वाक्य सरळच राहतं. शिवाय ‘डिड’ आलं की पुढचं क्रियापद मूळ रूपात, ‘डिड बिगॅन’ नाही.

बारावीच्या इंग्रजीत ‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’ हमखास विचारतात, तिथेही हाच कायदा. वाक्याच्या सुरुवातीला ‘नॉट ओन्ली’ आणि मागे क्रिया असेल तर ‘नॉट ओन्ली डिड शी सिंग, बट शी ऑल्सो डान्स्ड’. मागे कर्ता असेल तर सरळ, आणि क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे: ‘नॉट ओन्ली द स्टुडंट्स बट ऑल्सो द टीचर वॉज लेट.’ गुण जातात ते बहुधा जोडी न जुळल्यामुळे. ‘शी नॉट ओन्ली स्पीक्स मराठी बट ऑल्सो कन्नड’ यात ‘नॉट ओन्ली’च्या मागे क्रियापद आणि ‘बट ऑल्सो’च्या मागे नाम. ‘शी स्पीक्स नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो कन्नड’ असं लिहा, म्हणजे दोन्हीकडे नाम.

---

पूर्णविराम

परीक्षेचा विषय निघालाय तर आणखी एक. ‘ओन्ली फ्यू पीपल केम’ हे आपल्याकडे वर्तमानपत्रांतही दिसतं. हवं ‘ओन्ली अ फ्यू’. ‘फ्यू’ एकट्याने आलं की त्यातच ‘फारसे नाहीत’ हा नकार असतो, त्याला ‘ओन्ली’ची गरजच नाही. ‘अ फ्यू’ म्हणजे ‘काही’, आणि त्याला ‘ओन्ली’ लावून तुम्ही ते ‘थोडेच’ करता. ‘ओन्ली अ लिटल’चंही तसंच. तो ‘अ’ गाळू नका.

---

काजूगर

उलट दिशेने, म्हणजे इंग्रजीतून मराठीत आणताना काय करायचं? भाषांतरात सगळीकडे ‘फक्त’ येतं आणि वाक्य शिळं वाटतं. ‘मी फक्त त्याला विचारलं’ वाचून कळत नाही की त्यालाच विचारलं की नुसतं विचारलं.

---

दुरुस्तीवाली

कारण ‘फक्त’ हे ‘ओन्ली’सारखंच फिरतं आहे. शब्दाच्या आधी येतं, आणि लिहिताना कुणाला लागू ते धूसर राहतं. ‘च’ चिकटतो, म्हणून त्याच्याबद्दल शंका राहत नाही. नामाला बांधायचं तर ‘च’ आणि क्रियेला बांधायचं तर ‘नुसतं’: ‘त्यालाच विचारलं’ आणि ‘त्याला नुसतं विचारलं’. तुमचं वाक्य एवढ्यावर सुटलं.

वेळेच्या ‘ओन्ली’ला तर ‘फक्त’ अजिबात चालत नाही. ‘इट हॅज ओन्ली जस्ट स्टार्टेड रेनिंग’ म्हणजे ‘आत्ता कुठे पाऊस सुरू झालाय’. ‘ओन्ली दॅन डिड ही अग्री’ म्हणजे ‘तेव्हा कुठे तो तयार झाला’. हा ‘कुठे’ भाषांतरात सहसा दिसत नाही, कारण शब्दकोशात ‘ओन्ली’खाली तो सापडत नाही, पण बोलताना आपण दुसरं काही म्हणतच नाही. ‘ओन्ली येस्टर्डे’ म्हणजे ‘कालच’, जरा लांबचं असेल तर ‘अगदी काल-परवा’.

‘ही इज ओन्ली अ चाइल्ड’ याला ‘तो फक्त एक मूल आहे’ करू नका, हात जोडते. ‘अहो, लहान आहे तो अजून.’ ‘ओन्ली’ तिथे ‘अहो’ आणि ‘अजून’ यांत विरघळलं. ‘ओन्ली चाइल्ड’ म्हणजे ‘एकुलता एक’, तो वेगळा.

‘मात्र’ जपून वापरा. रकमेच्या मागे ‘पाचशे रुपये मात्र’ म्हणजे ‘ओन्ली’, पण वाक्यात ‘रमाने मात्र नकार दिला’ म्हणजे बाकीचे तयार होते, रमा नव्हती. तिथला ‘मात्र’ विरोध दाखवतो, रमा एकटी आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही.

---

रेघोटी

‘फक्त महिलांसाठीच’ अशी पाटी असते. ‘फक्त’ आणि ‘च’ दोन्ही. हे चूक ना?

---

दुरुस्तीवाली

दुहेरी आहे. मी तपासताना एक काढते, बहुधा ‘फक्त’ ठेवते, कारण पाटी दुरून वाचायची असते आणि पहिला शब्द आधी दिसतो. बोलताना दोन्ही आले तर कानाला खटकत नाही. ‘फक्त तुलाच सांगतेय हं’ यातून कुठला काढणार?

---

मसुदाकार

चेकचा प्रश्न अजून बाकी आहे, तो उरकतो.

चेकवरचं ‘ओन्ली’ रकमेच्या शब्दांना उजवीकडून कुलूप लावतं. ‘फाइव्ह थाउजंड’ लिहून पुढे जागा मोकळी सोडली तर कुणीही ‘नाइन हंड्रेड’ जोडू शकतो. ‘फाइव्ह थाउजंड ओन्ली’ लिहून उरलेल्या जागेत आडवी रेघ मारली की ते बंद. मराठीत चेक लिहिणारे ‘पाच हजार फक्त’ किंवा ‘पाच हजार मात्र’ लिहितात, काम तेच.

डावी बाजू मात्र ‘ओन्ली’ राखत नाही, आणि लोक नेमकं तेच विसरतात. छापलेल्या ‘रुपीज’ शब्दानंतर बोटभर जागा सोडून ‘फाइव्ह’ सुरू केलंत तर त्या जागेत ‘ट्वेंटी’ मावतं आणि पाचाचे पंचवीस हजार होतात. म्हणून अक्षरी रक्कम छापील शब्दाला खेटून सुरू करायची. अंकांच्या चौकटीतही डावीकडून चिकटून, आणि शेवटी ‘/-’.

अक्षरी रकमेची एवढी काळजी कशाला, तर १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १८ प्रमाणे अंक आणि अक्षरं जुळत नसतील तर अक्षरी रक्कम धरायची असते. तो कायदा ‘ओन्ली’ शब्दाची सक्ती करत नाही. राहून गेला आणि चेक अजून तुमच्याच हातात असेल तर रेघ मारून जागा बंद करा, तेवढं पुरतं. लिहिलेली रक्कम मात्र खोडून दुरुस्त करू नका. सीटीएस क्लिअरिंगमध्ये, म्हणजे चेकऐवजी त्याची प्रतिमा पाठवून तो वटवतात त्या पद्धतीत, तारखेची दुरुस्ती सोडून बाकी खाडाखोड चालत नाही, नवीन चेक फाडावा लागतो.

कोपऱ्यातल्या दोन तिरप्या रेघांमधलं ‘अकाउंट पेयी ओन्ली’ हे वेगळं प्रकरण. तिथे कुंपण रकमेला नसून माणसाला आहे: पैसे ज्याच्या नावाचा चेक त्याच्याच खात्यात. ते लिहिलं म्हणून रकमेपुढचं ‘ओन्ली’ गाळू नका, आणि उलटही नको.

---

चिंचोका

‘ओन्ली इफ’ कळलं. ‘इफ ओन्ली’ म्हणजे काय मग? उलटं लिहिलं की उलटं होतं का?

---

पूर्णविराम

काही संबंध नाही. ‘ओन्ली इफ’ ही अट, ‘इफ ओन्ली’ ही हळहळ. ‘इफ ओन्ली ही हॅड कॉल्ड!’ म्हणजे ‘एक फोन केला असता तर!’ वाक्य तिथेच सोडून देता येतं, मराठीत देतो तसंच. काळ एक पायरी मागे जातो: आत्ताची हळहळ साध्या भूतकाळात, ‘इफ ओन्ली आय न्यू’; होऊन गेलेल्याची ‘हॅड’ लावून, ‘इफ ओन्ली आय हॅड नोन’. ‘इफ ओन्ली आय वुड हॅव नोन’ परीक्षेत टाळा.

आणखी एक ‘ओन्ली’ राहिलं, ‘पण’च्या अर्थाचं: ‘द फ्लॅट इज नाइस, ओन्ली इट इज अ बिट फार.’ हे बोलीतलं आहे, अर्जात वगैरे नको. आपलं ‘फक्त’ इथे जसंच्या तसं बसतं: ‘फ्लॅट छान आहे, फक्त जरा लांब पडतो.’

---

काजूगर

आणि ‘ओन्ली टू’? सबटायटलमध्ये ‘ही रॅन टू द स्टेशन, ओन्ली टू फाइंड दॅट द ट्रेन हॅड लेफ्ट’ याचं ‘गाडी सुटल्याचं शोधण्यासाठीच तो धावला’ असं केलेलं दिसलं.

---

दुरुस्तीवाली

अरे देवा. त्या ‘टू’मध्ये हेतू नाही, पदरी काय पडलं ते आहे. ‘धावत स्टेशनवर गेला, बघतो तर गाडी सुटलेली.’ ‘फाइंड’, ‘डिस्कव्हर’, ‘बी टोल्ड’ यांपैकी काही मागे असेल तर ‘बघतो तर’, ‘जाऊन बघावं तर’ चालतं. ‘ही सेव्ह्ड फॉर इयर्स ओन्ली टू लूज इट ऑल’ यात बघण्यासारखं काही नाही, तिथे ‘वर्षानुवर्षं साठवलं आणि शेवटी सगळं घालवून बसला’. आधीचा स्वल्पविराम बहुतेक लेखक देतात, पण काही देत नाहीत, तेव्हा फक्त त्याच्यावर विसंबू नका. मागची गोष्ट कुणी मुद्दाम करायला जाईल का, ते बघा. नसेल, तर ‘साठी’ लावायचं नाही.